ढोलाच्या शिबिराला जाऊ का? शामान, भगत आणि चारचौघांत बोलायची भीती

शिवार_मेघना (सिन्नर)

नमस्कार मंडळी. मी सिन्नर तालुक्यात कृषी सहायक आहे. माझ्याकडची गावं मका, सोयाबीन आणि कांद्याची. कामाची मला मनापासून आवड आहे. बांधावर एखाद्या शेतकऱ्याशी एकटीने बोलताना काहीच अडत नाही. मक्याचं पान उलटून लष्करी अळीचा अंडीपुंज दाखवते, पोंग्यात बोट घालून अळी काढते, एकरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) का लावायचे ते पटेपर्यंत वाद घालते.

पण शेतीशाळेला, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांच्या शिकवणीच्या वर्गाला, वीस-पंचवीस जण समोर बसले आणि मागे दोन-चार पुढारी हाताची घडी घालून उभे राहिले, की घसा सुकतो. आवाज चढतो आणि पातळ होतो. कुणी मधेच "मॅडम, तुमची स्वतःची शेती किती?" असं विचारलं, की पुढचं सगळं डोक्यातून जातं. घरी येऊन रात्रभर तेच आठवत बसते.

एका मैत्रिणीने त्र्यंबककडच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिराची माहिती पाठवली आहे. "शामानिक प्रवास" असं नाव आहे. शामान म्हणजे ढोल-गाण्याच्या नादात देवा-आत्म्यांशी बोलून उपचार करणारा, आपल्या भगतासारखा माणूस. डोळ्यांवर पट्टी, ढोलाचा ठेका, त्यात म्हणे आपला शक्तिप्राणी, म्हणजे आपल्याला बळ देणारा प्राणी, भेटतो आणि दबलेला आत्मविश्वास मोकळा होतो. फी साडेनऊ हजार. आई म्हणते, देवऋषाकडे जाऊ नये म्हणून तुला शिकवलं, आणि आता पैसे भरून तिथेच चाललीस. मैत्रीण म्हणते, हे फार जुनं ज्ञान आहे, त्याची टिंगल करू नकोस.

मला दोघींचंही थोडं थोडं पटतं, म्हणून इथे विचारते. यात खरं काही आहे का? असेल तर माझ्यासारखीने त्यातलं काय घ्यावं? कुणी प्रत्यक्ष अनुभव घेतला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

अनघा_कोथरूड

मेघना, मी असं शिबिर केलं आहे, पुण्याजवळ. काय होतं ते सांगते.

सतरंजीवर आडवं व्हायचं, डोळ्यांवर रुमाल. एक बाई मोठी डफासारखी चौकटीची ढोलकी वाजवतात, एकाच लयीत, फार जलद, मिनिटाला दोनशेच्या वर ठोके. डोळ्यांसमोर जमिनीतली एखादी जागा आणायची, झाडाची ढोली, झरा, बीळ, काहीही. तिथून मनाने खाली उतरायचं. कोणता प्राणी पुन्हा पुन्हा दिसतो ते पाहायचं. पंधरा-वीस मिनिटांनी ठेका बदलतो, तो परत येण्याचा इशारा. मग गोलात बसून प्रत्येकाने काय पाहिलं ते सांगायचं.

अनुभव चांगला होता, ते नाकारणार नाही. त्या लयीत डोकं खरंच शांत होतं. मला आजोळची विहीर दिसली, खूप रडू आलं, रात्री गाढ झोप लागली. पण पुढच्या आठवड्यात ऑफिसात उभी राहिले तेव्हा गुडघे तसेच थरथरत होते. शिबिरात मी आडवी होते, डोळे मिटलेले होते, समोर कुणी नव्हतं. माझी भीती माणसांची होती आणि तिथे माणसंच नव्हती.

नंतर मी यावर बरंच वाचलं. ही शिबिराची पद्धत मायकेल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने बसवली. त्याने 1950-60च्या दशकांत इक्वाडोर आणि पेरूमधल्या आदिवासींमध्ये राहून अभ्यास केला. जगभरच्या शामानांमध्ये जे समान वाटलं ते त्याने वेगळं काढलं आणि 1970च्या दशकापासून शहरी माणसांना शिकवायला सुरुवात केली. वेगळं काढताना गाव, भाषा, देव, आजारी माणूस, गुरूकडची वर्षं, हे सगळं मागे राहिलं. उरला ढोल आणि डोळ्यांवरची पट्टी.

मला सर्वांत लागलेली गोष्ट मेक्सिकोतली आहे. वाहाका राज्यातल्या वाउत्ला दे हिमेनेस गावात मारिया साबिना नावाची माझातेक जमातीची बाई रात्रभर गाऊन आजाऱ्यांवर उपचार करायची, आणि त्यात भास घडवणाऱ्या एक प्रकारच्या अळंब्या खाल्ल्या जायच्या. 1955मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर तिच्याकडे त्या रात्रीत बसला, 1957मध्ये त्याने अमेरिकेतल्या मोठ्या साप्ताहिकात त्याबद्दल लिहिलं. मग लोंढे सुरू झाले. गावाचं स्वास्थ्य गेलं, पोलीस आले, तिचं घर जाळलं गेलं. 1985मध्ये ती गेली, गरिबीतच. तिचं म्हणणं असं होतं की आमच्याकडे आजारी माणूस बरा व्हावा म्हणून हे केलं जायचं, नुसता देव बघायला म्हणून आधी कुणी येत नसे. हे वाचल्यापासून "माझ्यासाठी यातून काय मिळेल" हा प्रश्न मला वेगळाच दिसायला लागला.

जायचं तर जा, विश्रांती मिळेल. शेतीशाळेसाठी त्यातून काही हाती लागेल असं मला वाटत नाही.

जव्हारचे_गुरुजी

मेघनाताई, तुमचा प्रश्न वाचला आणि बराच वेळ विचार करत बसलो. माझी सगळी नोकरी जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत गेली. वारली आणि कोकणा पाड्यांवर राहिलो, तिथल्या भगतांबरोबर रात्री काढल्या. तेव्हा मी त्या परक्या देशांतल्या शामानांबद्दल बोलणार नाही, माझ्या शेजारच्या भगताबद्दल बोलतो.

आमच्या पाड्यावर एक भगतबाबा होते. अंगठा उठवणारे, दोन एकर वरकस जमीन, नागली-वरई करायचे. शाळेच्या पालकसभेला यायचे तेव्हा दाराशी उकिडवे बसायचे. काही विचारलं तर मान हलवायचे. एकदा तालुक्याहून साहेब आले, त्यांनी साधं नाव विचारलं तर बाबांच्या तोंडून शब्द फुटेना, शेजारच्याने नाव सांगितलं. तुमचा घसा सुकतो ना, तसंच.

याच माणसाला मी थाळावर बसलेलं पाहिलं. थाळ म्हणजे काशाची थाळी. तिच्या मध्यावर मधमाशीच्या मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि ती काडी बोटांनी वरून खाली ओढत राहतात. त्यातून अखंड घुमणारा नाद निघतो, अंगावर काटा येतो. त्या नादावर बाबा कणसरीची कथा लावायचे. कणसरी म्हणजे धान्याची देवी. कथा दिवस मावळल्यावर सुरू व्हायची आणि कोंबडा आरवला तरी चालू असायची. अंगणात सगळा पाडा. म्हातारे, अंगावर पिणारी पोरं घेतलेल्या बाया, ताडी घेऊन आलेले तरुण. बाबा एकदाही अडखळायचे नाहीत. कुणी मधे बोललं तर त्याला कथेतच उत्तर द्यायचे. पालकसभेत नाव न सांगता येणारा तो हाच माणूस, हे मला पहिल्या वेळी खरं वाटलं नाही.

मी पुष्कळ वर्षं यावर विचार केला आहे, कारण माझ्या वर्गातली पोरंही अशीच होती. वर्गात मुकी, तारप्याच्या (भोपळ्याच्या फुंकवाद्याच्या) नाचात वाघ. शेवटी मला जे उमगलं ते सांगतो. बाबांमध्ये आत्मविश्वास नावाची काही वस्तू साठवलेली नव्हती. असती तर ती साहेबासमोरही बाहेर आली असती. थाळावर बसताना त्यांच्यामागे काय काय उभं असायचं ते बघा. तरुणपणापासून ते दुसऱ्या म्हाताऱ्या भगताशेजारी बसले होते, आधी नुसते ऐकायला, मग साथीला. कथा त्यांची स्वतःची नव्हती, पिढ्यांची होती, त्यामुळे "मी काय बोलू" हा प्रश्नच नव्हता. शेजारी हुंकार द्यायला एक माणूस असायचा. बाबांनी ओळ टाकली की तो "हां" म्हणायचा, सतत, रात्रभर. आणि अंगणातल्या लोकांना ती कथा हवी असायची. धान्य घरात आलेलं आहे, देवीची आठवण झाल्याशिवाय ते कसं खायचं? त्यांना बाबांची गरज होती आणि बाबांना ते ठाऊक होतं.

दुसरं उदाहरण तुम्ही बाईमाणूस म्हणून मुद्दाम देतो. वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते. लग्न लावणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. घरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी, आणि धवलेरी तिथे उभी राहून गाते, बाकीच्या बाया तिच्या मागे ओढतात. मी पाहिलेली धवलेरी वाळलेल्या अंगाची, एरवी कुणाच्या नजरेत न भरणारी बाई होती. पण त्या मांडवात पाटलाचा आवाजही तिच्यापुढे खाली यायचा. तिला कुणी स्वतःवर विश्वास ठेव असं शिकवलेलं नव्हतं, तिला गाणी शिकवली होती.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर मी भगतगिरीची भलामण करतो असं वाटेल. भगताच्या नादी लागून दवाखान्याला उशीर झाल्यामुळे पोरं गेलेली मी पाहिली आहेत. साप चावला, ताप डोक्यात गेला, बाळंतीण अडली, तर आधी दवाखाना. महाराष्ट्रात 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि साप-विंचू चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. आमच्या बाबांनी स्वतः मला सोबत घेऊन नातवाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात नेलं होतं आणि तिथून आल्यावर मग देवाला नारळ फोडला. असे भगतही आहेत. मी त्यांच्या औषधाबद्दल बोलत नाही, त्यांच्या उभं राहण्याबद्दल बोलतो आहे.

शिवार_मेघना (सिन्नर)

गुरुजी, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती धवलेरीपाशी थांबली आणि म्हणाली, परत वाच.

पण एक शंका आहे. बाबा आणि धवलेरी दोघांना गावाने मानलेलं आहे. मी बाहेरून बदलीवर आलेली. माझं वय, बाईपण, सरकारी नोकरी, हे सगळं लोकांना आधी दिसतं. मला हुंकार कोण देणार?

निनाद_सोल

मेघनाताई, याच प्रश्नावर कोरियातलं एक सांगण्यासारखं आहे. मी इथे सुवॉनला नोकरी करतो, पण सोलमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या मुदांगांचे विधी बघायला जातो. मुदांग म्हणजे कोरियन शामान, बहुतेक बायका. त्यांच्या विधीला गूत म्हणतात.

मुदांग व्हायची सुरुवात आजाराने होते. कारण कळत नाही, जेवण जात नाही, स्वप्नं पडतात, बाई घरादाराला परकी होते. मग एखादी ज्येष्ठ मुदांग तिला पदरात घेते आणि तिचा दीक्षेचा गूत होतो. उत्तरेकडच्या ह्वांगहे प्रांताच्या पद्धतीत त्याआधी एक गोष्ट करावी लागते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. होऊ घातलेली मुदांग घरोघर जाऊन धातू मागते. मोडकं भांडं, जुना चमचा, जे मिळेल ते. त्या धातूतून तिच्या घंटा आणि आरसा ओततात, ज्यांच्या जोरावर ती पुढे आयुष्यभर काम करणार. म्हणजे तिचं हत्यार गावाने दिलेलं असतं, आणि ज्याने चमचा दिला तो तिच्याकडे परका म्हणून बघू शकत नाही.

किम गुम-ह्वा नावाची फार मोठी मुदांग होती, 1931चा जन्म, ह्वांगहेचीच. आईची आई मुदांग होती, तिच्याच हातून सतराव्या वर्षी दीक्षा झाली. कोरियन युद्धात दक्षिणेत आली, म्हणजे तीही बाहेरचीच. 1970च्या दशकात सरकारने खेड्यांच्या सुधारणेची मोहीम काढली तेव्हा मुदांगांना अंधश्रद्धा म्हणून हाकललं, विधी चालू असताना पोलीस यायचे. तिने काम सोडलं नाही. 1985मध्ये त्याच देशाने तिला समुद्रकिनाऱ्याच्या मच्छीमारांसाठीच्या गूतची राष्ट्रीय वारसाधारक म्हणून मान्यता दिली. 2019मध्ये ती गेली. लोकांनी आधी मानलं आणि मग ती उभी राहिली असा क्रम तिच्या बाबतीत नव्हता. होड्या समुद्रात जायच्या होत्या, घरची माणसं परत यावीत असं बायकांना वाटत होतं, आणि ते मागणं देवापुढे मांडायला कुणीतरी हवं होतं. ते काम ती करत राहिली.

गुरुजींनी सांगितलेल्या भगताला हे लागू होतंय असं मला वाटतं. गुरुजी, चुकत असेन तर सांगा.

डॉ_वर्षा_कोल्हापूर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. थोडक्यात लिहिते.

सभेत बोलायची भीती हा फार सर्वसामान्य त्रास आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. भीतीच्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा सामोरं जाणं हा त्यांचा गाभा. आधी पाच ओळखीचे शेतकरी, मग दहा, मग सगळी शेतीशाळा. टाळलं की भीती वाढते. त्रास झोपेवर, जेवणावर, कामावर जाण्यावर आला असेल तर एकदा तज्ज्ञाला भेटा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिबिराबद्दल दोन सूचना. फिट येण्याचा आजार, पूर्वी मनोविकाराचा झटका, किंवा जवळच्या नात्यात तीव्र मानसिक आजार असेल तर भान हरपवणारे प्रयोग, रात्रभर जागरणं आणि उपास टाळा. आणि "वनस्पती-औषध" म्हणून काही प्यायला किंवा खायला देणार असतील तर सरळ निघून या. दक्षिण अमेरिकेतल्या आयावास्का काढ्यात डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं. ते आणि अनघाताईंनी लिहिलेल्या अळंब्यांमधलं सिलोसायबिन, दोन्ही आपल्याकडे अंमली पदार्थांच्या 1985च्या कायद्याखाली येतात. मनावरच्या इतर औषधांबरोबर आयावास्का जिवावरही बेतू शकते.

गुरुजींचा हुंकार देणारा माणूस मला व्यवसायाच्या दृष्टीनेही फार पटला. माझ्या रुग्णांना मी सांगते की समोरच्या गर्दीत एक आपला चेहरा ठरवून ठेवा. त्याला इतकं चांगलं रूप आधीपासून होतं हे मला माहीत नव्हतं.

जव्हारचे_गुरुजी

निनाद, धातू मागण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मन भरून आलं. चुकत नाही आहात.

मेघनाताई, आता तुमच्या शंकेकडे. हुंकार कोण देणार? तुम्हीच लिहिलं आहे की बांधावर तुमची अडचण होत नाही. म्हणजे तुमचे हुंकार देणारे बांधावर आधीच आहेत. ज्या बाईच्या मक्यात तुम्ही पोंग्यात बोट घालून अळी काढलीत, तिला शेतीशाळेच्या आदल्या दिवशी भेटा. तिला सांगा, उद्या मी सापळ्याचं सांगेन तेव्हा तुझ्या वावरात काय झालं ते तू बोल. तिला पुढे बसवा, तुमच्या उजव्या हाताला. बोलताना तिच्याकडे बघून बोला. ती "हो ना" म्हणाली की पुढची ओळ आपोआप येते, हे मी वर्गात असंख्य वेळा पाहिलं आहे.

निनादच्या गोष्टीतून सुचलं ते असं. तुमची उदाहरणं पुस्तकातून आणू नका, गावातून मागून आणा. कुणाच्या शेतातली किडलेली कणसं, कुणाच्या सापळ्यात सापडलेले पतंग, कुणाचं वाचलेलं पीक. टोपलीत घालून मधे ठेवा. मग ते तुमचं एकटीचं व्याख्यान राहत नाही. मागे उभ्या असलेल्या पुढाऱ्यालाही वाकून बघावं लागेल, कारण त्यात त्याच्या भावाचं कणीस असेल. आणि उभं राहण्याऐवजी गोल करून बसा. पाड्यावर कुणी समोरासमोर रांगा करून बसत नाही.

सुरुवात पाठ करा. पहिली चार-पाच वाक्यं तीच ठेवा, प्रत्येक गावात, प्रत्येक वेळी. गावाचं नाव घ्या, पाऊस कसा झाला ते म्हणा, ज्यांच्या शेतात बसला आहात त्यांचे आभार माना. कोकणातलं देवापुढचं गाऱ्हाणं ऐकलं असेल तुम्ही. गाऱ्हाणं घालणारा माणूस मनाचं काही बोलत नाही, ठरलेल्या वळणाने सगळ्यांच्या वतीने मागतो आणि लोक "व्हय महाराजा" म्हणतात. ती ठरलेली वाक्यं तोंडातून जाईपर्यंत घसा ओला होतो.

आणि "तुमची शेती किती?" या प्रश्नाचं उत्तरही आधीच तयार ठेवा. उत्तर खरं द्या. माझ्या नावावर नाही, पण या हंगामात या गावातल्या इतक्या शेतांत मी स्वतः उतरले, हवं तर यांना विचारा. आकडा तुमच्याकडे असणारच, तुम्ही नोंदवही ठेवताच.

वरिष्ठ कृषी सहायकांपैकी कुणी बोलण्यात वाकबगार असेल तर त्यांच्या शेतीशाळेत मदतीला म्हणून बसा, जमलं तर पूर्ण हंगाम. नोंदी करा, सापळे वाटा, हुंकार द्या. आमचे बाबा तसेच बसले होते.

शिवार_मेघना (सिन्नर)

गुरुजी, नोंदवहीतला आकडा आत्ताच मोजला. यंदाच्या खरिपात 63 शेतं. मला स्वतःलाच माहीत नव्हता.

डॉक्टर, झोपेचा त्रास फक्त शेतीशाळेच्या आदल्या आणि नंतरच्या रात्री होतो, पण तुमचं लक्षात ठेवते. निनाद, अनघाताई, मनापासून आभार. शिबिराचे पैसे भरलेले नाहीत, आता भरणार नाही.

टोपलीची कल्पना येत्या बुधवारीच करून बघते. एका आजींशी फोनवर बोलणं झालं, त्या पुढे बसायला तयार आहेत. त्यांनी विचारलं, नुसतं हो म्हणायचं की माझं काय चुकलं तेही सांगू? मी म्हटलं, तेही सांगा.

गुरुजी, थाळावरची कथा मला आणि आईला ऐकायची आहे. बाहेरच्यांना येऊ देतात का?

जव्हारचे_गुरुजी

येऊ देतात, पण कुणाच्या तरी ओळखीने या आणि आधी विचारून या. दिवाळीच्या तोंडाला वाघबारस असते, तेव्हा पाड्यावर वाघदेवाची पूजा होते, आणि पुढे धान्य घरात आलं की कथांच्या रात्री लागतात. कथा कधी लावायची ते घरचा माणूस आणि भगत ठरवतात, त्यामुळे तारीख पक्की नसते, निरोप आला की निघायचं. येताना तांदूळ आणि नारळ आणा, पैसे पुढे करू नका. व्हिडिओ काढायचा नाही. रात्रभर बसायची तयारी ठेवा, आईंसाठी जाड चादर आणा, डोंगरात थंडी असते. मला खाजगी संदेशात नंबर पाठवा, मी पाड्यावर विचारून ठेवतो.